डोळ्याचे व्यायाम नऊ दिवस केले, डोकं धरलं. खरंच चष्मा टळतो का?

सेतूवाला
१२ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, आधारला मोबाईल जोडणे, आणि सध्या म्हणाल तर नुसता पीकविमा. वय ४२. आजवर डोळ्यानं कधी तक्रार केली नव्हती.

पीकविम्याला ३१ जुलै शेवटची तारीख. दिवसा साईट रेंगाळती, म्हणून दिवसभर कागद गोळा करायचे आणि जेवण झालं की अर्ज भरायला बसायचं. रोज दोन-अडीच वाजतात. आताही दोन अर्जांच्या मधेच हे लिहायलोय.

दोन-तीन महिन्यांपासून असं व्हायलंय. संध्याकाळचे सहा वाजले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी गळतं. गिऱ्हाईक विचारतं, "मालक, रडायलात कामून?" आधार कार्ड हातात घेतलं की हात आपोआप लांब जातो. परवा एका म्हाताऱ्यानं पासबुक दिलं, खाते नंबरात ३ आहे का ८ ते काही केल्या कळेना. शेवटी मोबाईलनं फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून बघितला. म्हातारा माझ्याकडं असा बघायला, की याच्याच हाती माझं सोयाबीन का काय! सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तास-दीड तास काम करून मान वर केली तर समोरच्या खताच्या दुकानाची पाटी धूसर. चार-पाच सेकंदांनी साफ होते, पण तेवढ्यात छातीत धस्स होतं.

मित्रानं व्हिडिओ पाठवला, पंधरा दिवसांत चष्मा फेकून द्या म्हणून. चष्मा लागायच्या आधीच फेकून देऊ म्हटलं, केलं सुरू. बुबुळं वर-खाली पन्नास वेळा, डावी-उजवीकडं पन्नास, गोल पन्नास, उलटी गोल पन्नास. मग हात चोळून डोळ्यांवर. मग दिव्यावर त्राटक दहा मिनिटं. त्राटकाला देवघरातली समई खाली घेऊन बसलो. धाकटी लेक शेजारी पंच होऊन बसली, "पप्पा, पापणी हलली, आऊट!" आई आतून डोकावून म्हणे, "दिव्याकडं टक लावून काय बघायलास रे? तेल काय फुकट आलंय?" मला हसू फुटलं आणि फुंकरीनं दिवाच गेला.

नवव्या दिवशी दोन भुवयांच्या मधोमध असा ठणका लागला की मळमळायला लागलं. त्या दिवशी बंद केलं. व्हिडिओत शेवटी उगवत्या सूर्याकडं पाच मिनिटं बघायला सांगितलंय. ते काही केलं नाही, धीर झाला नाही.

आता विचारायचं असं की या व्यायामानं नंबर जातो का? का मीच चुकीचं केलं? चष्म्याची लाज नाही मला, पण सगळे म्हणतात एकदा लागला की डोळ्याला चटक लागते आणि नंबर वाढतच जातो. आठवडी बाजारात दीडशेला तयार चष्मा मिळतो, तो घेऊन महिना काढू का? डॉक्टरकडं जायचं म्हणजे एक दिवस केंद्र बंद, आणि या दिवसांत ते जमणारं नाही.


गावरान_गुण
१३ जुलै, सकाळी ६:१०

चष्मा बिलकूल घेऊ नका, फसाल. रोज सकाळी मधाचा एक थेंब डोळ्यांत घाला, झोंबेल पण सगळी घाण निघून जाईल. त्याच्यावर गुलाबजल. माझे आजोबा नव्वदीला सुईत दोरा ओवत होते, जन्मात चष्मा लावला नाही. सूर्याकडंही बघा, काही होत नाही, आपले पूर्वज बघतच होते.


जुना_डोळेवाला
१३ जुलै, दुपारी ३:३५

सेतूवाल्या, वयानं मोठा म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी डॉक्टर नाही. लातूर जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात बत्तीस वर्षं नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. लोकांच्या भाषेत 'नंबर काढणारे साहेब'. तक्ता वाचायला सहा मीटर अंतर लागतं आणि आमची खोली होती तीन मीटरची. म्हणून तक्ता पेशंटच्या डोक्यामागं टांगायचा आणि समोर आरसा लावायचा. त्या आरशात मी अख्खा तालुका बघितलाय.

तू लिहिलंस ती तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तू तिन्हीला एकच काढा पाजायलास.

हात लांब जातो ती चाळिशी. डोळ्याच्या आत भिंग असतं. जवळचं बघताना आतला स्नायू आवळतो आणि भिंग फुगीर होतं. वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं. तव्यावरून काढलेली ज्वारीची भाकरी कशीही दुमडते, तीच सकाळची संध्याकाळी दुमडायला गेलं तर मोडते. आता दुमडणाऱ्या हाताला कितीही व्यायाम दे, भाकरी मऊ व्हायची नाही, हात तेवढा दुखेल. तुझं नवव्या दिवशीचं डोकं तेच. चटक वगैरे काही लागत नाही. नंबर वाढतो तो वयानं, चष्म्यानं नाही. न लावणाऱ्याचाही तेवढाच वाढतो. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण अधिक एक असतो, साठीपर्यंत अधिक अडीचच्या आसपास जाऊन थांबतो.

पाटी धूसर दिसते तो या स्नायूचा थकवा. तासभर मूठ घट्ट आवळून ठेवली तर बोटं पटकन उलगडत नाहीत, तसं. याच्यावर मात्र उपाय तुझ्या हातात आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडं बघायचं. वीस फूट म्हणजे सहा मीटर, आमच्या तक्त्याचं अंतर. तेवढ्या लांबचं बघताना स्नायूला काही करावं लागत नाही, तो सैल पडतो.

राहिली वाळू आणि पाणी. डोळा कोरडा पडलाय म्हटलं की लोक माझ्यावर हसायचे, "साहेब, धार लागलीय आणि कोरडा कसा?" अरे, डोळ्यावरचा ओलावा नुसतं पाणी नसतो, त्याच्यावर तेलाची पातळ साय असते, ती पाण्याला उडू देत नाही. ही साय पापणी मिटल्यावर पसरते. बोलत-बसलेला माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनसमोर ते निम्म्यावर येतं, कधी तिसऱ्या हिश्श्यावर. त्यातही कधी कधी पापणी अर्ध्यातूनच माघारी जाते. डोळा सुकतो, खुपतो, मग घाबरून पाणी सोडतो, पण ते तापल्या तव्यावरच्या शिपक्यासारखं, टिकत नाही. तुझा टेबल फॅन कुठं आहे ते सांग. माझी पैज आहे, तोंडासमोर असणार.

बुबुळं पन्नास-पन्नास वेळा फिरवायची काही गरज नाही. वाचताना डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, दिवसाला किती झाल्या मोज. त्याला दंड-बैठका नकोत, सुट्टी पाहिजे.

बाजारातला चष्मा घातल्यानं डोळा खराब होत नाही. पण त्यात दोन्हीकडं एकच नंबर असतो. तुझे दोन डोळे सारखे असतील, आडवा नंबर नसेल, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडून सारखी असेल, तर काम भागेल. नसतील तर डोकं पुन्हा धरेल. आणि बाजारवाला डोळ्याचा दाब मोजत नाही, मागचा पडदा बघत नाही. माझा सगळा जोर याच्यावर का, ते सांगतो.

माझे थोरले बंधू गावाकडं शेती बघायचे. रोज पहाटे उठून शीर्षासन, डोळ्यांचे व्यायाम, गार पाण्याचे शिपके. साठीतही पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय सांगायचे. दिवाळीत आम्ही जमलो की गंमत म्हणून मी त्यांना तक्त्यासमोर बसवायचो, सहाला सहा, शेवटची ओळ घडाघडा. मला केवढा अभिमान! एका वर्षी जेवताना त्यांच्या डाव्या हाताचा तांब्या कलंडला. हसलो आम्ही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, डाव्याच बाजूला. तिसऱ्या दिवशी गोठ्यात डावीकडं वासरू उभं होतं, त्याच्यावर जाऊन धडकले आणि त्यालाच शिव्या देऊ लागले. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बंधूंना समोर बसवलं, माझ्या नाकाकडं बघा म्हटलं, आणि बाजूनं बोट हळूहळू आत आणलं. बोट जवळजवळ नाकापाशी आलं तेव्हा म्हणाले, "हां, आता दिसलं."

काचबिंदू होता. त्यात मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, कडेकडेनं अंधार येतो. दुखत नाही, खुपत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांवर टिकवायचं. शीर्षासनानं झाला असं मी म्हणत नाही. पण डोकं खाली केलं की डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो हे मोजून बघितलेलं आहे, म्हणून काचबिंदूवाल्यानं तसली आसनं करायची नसतात. आणि ते रोज पहाटे करत होते. हजारो लोकांना मी दाब मोजायला पुढं पाठवलं, सख्ख्या भावाला फक्त तक्ता वाचायला लावला. ते गेले, त्याला आता सहा वर्षं झाली. भावाला असेल तर आपल्याला व्हायची शक्यता वाढते, म्हणून नंतर माझा तपासला. मलाही निघाला. रोज झोपताना एक थेंब टाकतो.

तर सूर्याकडं बघायचं नाही, कधीच नाही. पडद्याच्या मधोमध भाजल्यासारखा डाग पडतो आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. मध नको, गुलाबजल नको, डोळ्यांत घरातलं काहीच नको. आणि केंद्र एक दिवस बंद ठेव.


गावरान_गुण
१३ जुलै, संध्याकाळी ७:०२

म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलायचे का?


जुना_डोळेवाला
१३ जुलै, रात्री ८:२०

खोटं कशाला? ओवत असतील. दोन गोष्टी असू शकतात. एक तर त्यांना पहिल्यापासून लांबचा थोडा नंबर असेल, वजा दोन-अडीच. असल्या माणसाला जवळचं उघड्या डोळ्यानं म्हातारपणीही दिसतं. लांबचं माणूस ओळखायचे का ते घरात विचारा. नाही तर मोतीबिंदू पिकायला लागला की भिंग दाट होतं आणि काही दिवस जवळचं एकदम साफ दिसतं. "साहेब, माझा चष्मा सुटला" म्हणत खुशीत येणारे कितीतरी मी मोतीबिंदूच्या यादीत घातलेत.


पैठणची_लेक
१४ जुलै, दुपारी १:१५

काका, तुमच्या बंधूंचं वाचलं आणि माझ्या वर्गाची वही काढून बसले. मी इथं पैठणला बायकांचा योगवर्ग घेते. प्रत्येकीच्या नावापुढं रक्तदाब, साखर, गुडघे असं लिहिलेलं आहे. काचबिंदूचा रकानाच नाही. आज आखला.

पण व्यायामाला अगदीच मोडीत काढू नका. नंबर जात नाही हे मलाही मान्य, मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. तरी वर्गातल्या वीस मिनिटांच्या व्यायामानं बायकांच्या कपाळावरची आठी जाते, हे मी रोज बघते.

सेतूवाले भाऊ, तुम्ही केलं ते फार झालं आणि घाईनं झालं. त्राटक हठयोग प्रदीपिका या जुन्या ग्रंथात षट्कर्मांमध्ये, म्हणजे शुद्धीच्या सहा क्रियांमध्ये आहे, धौती, बस्ती, नेतीच्या जोडीला. तिथं शब्द आहेत 'सूक्ष्मलक्ष्यं', बारीक खूण. डोळ्यांत पाणी येईपर्यंत स्थिर बघायचं, एवढंच. दिवाच पाहिजे असं त्या श्लोकात नाही, मग सूर्य तर लांबच राहिला. दहा मिनिटंही नाही. नवख्याला मिनिटभरात पाणी येतं, तिथं थांबायचं आणि डोळे मिटून बसायचं. माझ्या वर्गात भिंतीवर टिकली लावलेली असते, डोळ्याच्या पातळीवर, हातभरापेक्षा थोडी लांब. पण काका म्हणतात तसा तुमचा डोळा आधीच कोरडा असेल, तर न मिटता बघायचा व्यायाम आत्ता कशाला करायचा? तुम्हाला मिटायचा व्यायाम पाहिजे.

आणि एक मजा सांगते. ते तळवे डोळ्यांवर ठेवायचं, ते सगळे प्राचीन योग म्हणून शिकवतात ना? मीही शिकवत होते. ती रीत पसरवली विल्यम बेट्स नावाच्या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरनं. १९२० मध्ये त्यानं चष्म्याशिवाय नजर सुधारायचं पुस्तक काढलं, त्यात ते आहे आणि उन्हाचंही खूळ तिथलंच. डोळा जवळ-लांब बघतो त्यात भिंगाचा हातच नाही, असं तो म्हणायचा, ते चुकीचं ठरलं. तरी हात ठेवणं मी बंद केलं नाही. पाच मिनिटं अंधार आणि ऊब मिळते, वाईट काय आहे? फक्त तळव्याची वाटी करायची, बुबुळावर दाब द्यायचा नाही. कोपर टेबलावर टेकवा म्हणजे खांदे आवळत नाहीत.

माझी आई पैठणी विणते. मागावर बसून काठातला मोर नाही तर पदराचं कमळ उतरवायचं म्हणजे रेशमाचा एकेक तार बोटानं उचलून मोजायचा, रंगागणिक धाग्याची वेगळी कांडी. भरगच्च पदराच्या साडीला महिनेच्या महिने जातात. मी हौसेनं तिला बुबुळं फिरवायला शिकवायला गेले. म्हणाली, "तुझं होऊ दे, माझी ओळ मोडेल." तिचं स्वतःचं एक आहे. एक कांडी संपली की दुसरी लावायच्या आधी उठते, दारात जाते आणि समोरच्या उंबरावर किती पोपट बसलेत ते मोजते. पोपट नसले तर पानं हलतात का ते बघते. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणे सासूबाई तोंड धुवायला उठायच्या, मला तोंड धुवायचा कंटाळा, म्हणून पोपट. माग खिडकीला असा लावलाय की उजेड डाव्या खांद्यावरून येतो, तोंडावर येत नाही. चष्मा आहे तिला, पंचेचाळिसाव्या वर्षापासून. चष्मा नाकावर नसला की मागाला हात लावत नाही.


हॉस्टेलवाल्याची_आई
१४ जुलै, रात्री १०:४०

मधेच विचारते, माफ करा. मुलगा सतरा वर्षांचा, नीटच्या तयारीला लातूरला आहे. सकाळी सहा ते रात्री अकरा क्लास, अभ्यासिका, खोली. चष्मा आहे, वजा तीन. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, तासभर वाचलं की ओळी एकीच्या दोन दिसतात, एक डोळा झाकला की बरं वाटतं. मला वाटलं अभ्यासाचा कंटाळा. वरचं वाचून धाकधूक व्हायली. त्याला कोणता व्यायाम सांगू?


जुना_डोळेवाला
१५ जुलै, सकाळी ७:४५

ताई, आधी तपासणी. हे अंगावर काढू नका. एक डोळा झाकल्यावर बरं वाटतं ही खूण फार कामाची आहे, हे वाक्य डॉक्टरला असंच्या असं सांगा. जवळचं वाचताना दोन्ही डोळे नाकाकडं सारखे वळावे लागतात, काही पोरांचे नीट वळत नाहीत. डोळ्याचा व्यायाम खरंखुरं औषध म्हणून देतात ती ही जागा. पेन्सिलचं टोक हातभर लांब धरायचं, एकच दिसेल असं बघत हळूहळू नाकाकडं आणायचं. पण घरी एकट्यानं करण्यापेक्षा दवाखान्यात शिकवणाऱ्यासमोर केलेलं जास्त लागू पडतं. २००८ साली अमेरिकेतल्या अभ्यासात ९ ते १७ वयाची पोरं घेतली होती. बारा आठवड्यांनी देखरेखीखालच्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला, नुसती घरी पेन्सिल करणाऱ्यांत ४३ टक्क्यांना. त्याला हेच आहे का दुसरं काही, ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. अचानक आणि सतत दोन दिसायला लागलं, किंवा डोकं दुखून उलटी व्हायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा.

धाकटं भावंड असेल तर त्याला रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळू द्या. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची बाहेर काढली, तर तीन वर्षांत नव्यानं वजा नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण त्या शाळांत ३०.४ टक्के निघालं, बाकीच्या शाळांत ३९.५. मैदानाला फी नसते.

पैठणच्या ताई, पोपट मोजणं मी माझ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.


हॉस्टेलवाल्याची_आई
१५ जुलै, सकाळी ८:०५

रविवारी जातेच लातूरला. धाकटी आहे, तिचा मोबाईल आत्ताच काढून घेतला, रडायली.


सेतूवाला
९ ऑगस्ट, रात्री ९:३०

काका, ताई, उशीर झाला. ३१ तारीख निघाली, मग दोन दिवस नुसता झोपलो, मग गेलो.

पहिलं कबूल करतो, पंखा तोंडासमोरच होता. पैज जिंकलात. आता खाली पायाकडं फिरवलाय. मच्छरही कमी चावतात हा वरचा फायदा.

डोळे दाखवले. बाहुली मोठी करायचं औषध घातलं आणि तीन-चार तास काहीच वाचता येईना, बसची पाटी दुसऱ्याला विचारून गावी आलो. गाडी घेऊन गेलो नव्हतो ते बरं झालं. उजव्याला जवळचा अधिक एक, डाव्याला अधिक एक आणि वर थोडा आडवा नंबर, जन्मापासूनचा असेल म्हणाले. म्हणजे दीडशेचा चष्मा घेतला असता तर फसलोच असतो. दाब उजवीकडं १६, डावीकडं १५. दहा ते एकवीसच्या आत आहे म्हणून ठीक म्हणाले. पडदाही बरा. कोरडेपणाला थेंब दिलेत आणि रोज रात्री कोमट फडक्यानं पापण्या शेकायला सांगितल्या, तुम्ही म्हणालात ती तेलाची साय तिथल्या बारीक ग्रंथींतून येते म्हणे.

स्क्रीन जाड रजिस्टरांवर चढवलेली होती, ती खाली उतरवली. नजर थोडी खाली गेली की पापणीही खाली येते, डोळा कमी उघडा राहतो.

पण वीस मिनिटांचा गजर लावून बघितला, दोन दिवसांत बंद केला. गजर झाला की बरोबर तेव्हाच कुणाचा तरी अंगठा मशीनवर उमटायचा असतो, आता लांब बघायचं का अंगठा? मग एक सुचलं. आमच्या कामात प्रत्येक अर्जाला ओटीपी येतो. शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो, मोबाईल पिशवीत, पिशवी सायकलला. अर्धं मिनिट तर कुठं गेलं नाही, कधी दोन. आधी त्या वेळात मी स्क्रीनकडंच डोळे फाडून बसायचो, जसं काही माझ्या बघण्यानं तो लवकर येईल. आता ओटीपी पाठवला की आधी डोळे पुरते मिटायचे, सावकाश, दहा वेळा. वरची पापणी खालच्या पापणीला टेकली असं जाणवेपर्यंत. मग दारातून बाहेर, पाण्याच्या टाकीकडं. टाकीवर एक घार बसते. बसलेली असली तर तिची मान कुणीकडं आहे ते बघायचं. ताई, तुमच्या आईचे पोपट, माझी घार. दिवसाला चाळीस-पन्नास ओटीपी येतात म्हणजे चाळीस-पन्नास सुट्ट्या झाल्या.

काल एक आजोबा समोर बसलेले. मी डोळे मिटलेले बघून त्यांनी टेबल वाजवलं, "मालक, झोपलाव का?" म्हटलं, नाही बाबा, ओटीपी यायलाय. तर ते पण डोळे मिटून बसले. त्यांना वाटलं असंच करायचं असतं.

पाटी आता धूसर होत नाही. संध्याकाळची वाळू निम्म्यानं कमी आहे, गेली म्हणणार नाही. पासबुकातला ३ आणि ८ वेगळे दिसतात.

एक राहिलं. आई ६८ ची आहे, साखर आहे, डोळ्याला काही नाही म्हणते. तुमचं बोटाचं वाचून मी तिला समोर बसवलं आणि माझ्या नाकाकडं बघ म्हटलं. तर म्हणे, "तुझ्या नाकाला काय झालं?" आणि नाक सोडून सगळीकडं बघायली. काही कळलं नाही.


जुना_डोळेवाला
१० ऑगस्ट, सकाळी ६:५५

ते बोटाचं घरच्या घरी करून निकाल लावायचा नसतो, मी तेव्हा संशय आला म्हणून केलं होतं. साखर आहे म्हणजे वर्षातून एकदा मागचा पडदा बघायलाच पाहिजे, दिसत असलं तरी. किती वर्षांत बघितला नाही?


सेतूवाला
१० ऑगस्ट, सकाळी ७:१०

कधीच नाही.


जुना_डोळेवाला
१० ऑगस्ट, सकाळी ७:१४

मग सोमवारी घेऊन जा. साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घे, दाबही मोजायला सांग. बाहुलीत औषध घातल्यावर उजेड सहन होत नाही, टोपी नाही तर पदर डोक्यावर घ्यायला सांग. आणि या वेळी बसची पाटी तू वाच.


सेतूवाला
१० ऑगस्ट, सकाळी ७:२०

आईला सांगितलं. येते म्हणाली, पण दिव्याकडं बघायला लावणार असतील तर तेल त्यांचं.